स्लाव्हिक व युरेशियन अभ्यास : मुख्य विषयाची निवड आणि आखणी

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर केला तरी चालतो; मात्र स्लाव्हिक व युरेशियन अभ्यासात, म्हणजे रशियन, पोलिश यांसारख्या स्लाव्हिक भाषा आणि रशिया, पूर्व युरोप व मध्य आशिया या प्रदेशांच्या अभ्यासात, ही सवलत फसवी ठरते, कारण भाषेचे वर्ग एकावर एक रचलेले असतात आणि पहिली पायरी हुकली की पुढचे सारे वेळापत्रक वर्षभराने लांबते. म्हणून विषयाचा निर्णय झाला नसला तरी भाषा पहिल्याच सत्रात सुरू करावी. रशियनमधील सहा विभक्ती अनेकांना जड जातात. मात्र रशियनमध्येही मराठीप्रमाणे तीन लिंगे असल्याने मराठी भाषकाला निदान तेवढ्यापुरते परकेपण वाटत नाही.

प्रवेशापूर्वी विभागाच्या नावापेक्षा त्याची अभ्यासक्रम-सूची बारकाईने वाचावी. काही ठिकाणी साहित्य आणि भाषाशास्त्र हाच गाभा असतो, तर काही ठिकाणी इतिहास, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांना जोडणारा प्रादेशिक अभ्यास असतो. युक्रेनियन, पोलिश, कझाक किंवा उझबेक खरोखर शिकवली जाते का, की ती केवळ कागदावर आहे, हे विभागाला थेट विचारावे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर अनेक अमेरिकी कार्यक्रमांनी रशियन भाषेचे परदेशी सत्र मॉस्को-सेंट पीटर्सबर्गऐवजी अल्माटी (कझाकस्तान), तिबिलिसी (जॉर्जिया) किंवा येरेवान (आर्मेनिया) येथे हलवले. हा बदल मला अभ्यासाच्या दृष्टीने लाभाचाच वाटतो. असे सत्र बहुधा तिसऱ्या वर्षी ठेवावे, म्हणजे चौथ्या वर्षीच्या प्रबंधासाठी मूळ भाषेतील साधने वाचता येतात. नोकरीचा विचार असल्यास संख्याशास्त्र किंवा सार्वजनिक धोरण यांची जोड द्यावी.