एसएसएचला कुलूप लावताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक टॉवेलचा कारखाना आहे, त्यांचं बिलिंग ज्या व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या ऑनलाइन सर्व्हरवर, चालतं तो मी बघतो. त्यात लांबून शिरायचं दार म्हणजे एसएसएच. सर्व्हर चालू करून तासभर पण झाला नाही तर ऑथ लॉगमधे, म्हणजे लॉगिनच्या नोंदवहीत, 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट'च्या (मुख्य अकाउंटचा पासवर्ड चुकला) ओळी धबाधबा पडायला लागल्या. मालक घाबरले, म्हणे आपल्यावर कोणी डूख धरलाय का? तसं नसतं ओ, बॉट आहेत, आपोआप फिरणारे प्रोग्राम, एसएसएचचा 22 नंबर पोर्ट उघडा दिसला की येता-जाता कडी वाजवतात.

मी केलेली मोठी चूक म्हणजे, एसएसएचच्या मेन कॉन्फिग फाइलमधे पासवर्ड ऑथेंटिकेशन नो केलं, म्हणजे पासवर्डनी लॉगिन बंद, रिस्टार्ट मारला आणि निवांत झोपलो. दोन दिवसांनी बघतो तर पासवर्डचे प्रयत्न चालूच! उबंटूत त्या फाइलच्या वरच्या बाजूलाच दुसऱ्या फाइली आत ओढणारी इन्क्लूडची ओळ असते आणि क्लाउड-इनिटनी (नवीन सर्व्हरची पहिली मांडणी करणारा प्रोग्राम) तिथं 50 नंबरची एक छोटी फाइल टाकलेली, तिच्यात येस. एसएसएचडी, म्हणजे एसएसएचचा सर्व्हरवरचा प्रोग्राम, पहिली दिसेल ती व्हॅल्यू धरतो, खाली तुम्ही दहादा नो लिहा. त्यामुळं फाइलवर भरवसा नको, सुडो लावून एसएसएचडी मायनस कॅपिटल टी मारा, सर्व्हर खरं काय मानतोय ते तिथं दिसतं.

फेल-टू-बॅन, म्हणजे सारखा पासवर्ड चुकवणाऱ्याला बाहेर ठेवणारा प्रोग्राम, नुसतं इन्स्टॉल करून पण भागत नाही. डेबियन 12 वर ऑथ लॉगची फाइलच नसते, सगळं सिस्टमडीच्या जर्नलमधे जातं, मग फेल-टू-बॅन सुरू होतानाच आपटतं. बॅकएंड (नोंदी कुठून वाचायच्या ते) सिस्टमडी करा, आणि बदल जेल डॉट लोकल या फाइलमधेच. डीफॉल्टला 10 मिनिटांत 5 चुका झाल्या की 10 मिनिटं बॅन. बॉटला तेवढ्यात चहा पण संपत नाही, वेळ वाढवा.

एसएसएचचा पोर्ट बदलल्यानं लॉगमधली कटकट कमी होते, बाकी काही नाही. उबंटू 24.04 वर तर डेमन-रिलोड करून एसएसएच डॉट सॉकेट रिस्टार्ट केल्याशिवाय बदलतच नाही.

आणि फायरवॉल. मी फक्त ऑफिसचा आयपी (नेटवरचा पत्ता) अलाऊ केलेला, तो स्टॅटिक, म्हणजे कायमचा, नाही हे डोक्यातच नाही. भर दुपारी लाइट गेली, आली, राउटरला नवीन आयपी, आणि मी बाहेर. शेजारचा म्हणतो, "काय बे, स्वतःलाच कोंडून घेतलास?" कोंडलो नव्हतो बे, दाराबाहेर उभा होतो. प्रोव्हायडरच्या वेब कन्सोलमधून शिरून नियम काढला. आता काहीही बदललं की जुनं टर्मिनल उघडंच ठेवतो, मोबाइलच्या नेटवरून दुसरं लॉगिन झालं की मगच ते बंद.