जर्मनीत निर्वासिताला काम शोधून देताना: सर्टिफिकेट नसलेल्या कारागिराचं काय करायचं

जर्मनीतले बरेच मराठी लोक शेजारच्या सीरियन किंवा अफगाण कुटुंबाचे फॉर्म भरून द्यायला म्हणून जातात आणि प्रकरण नोकरीपर्यंत येतं. मग सल्ल्यांचा मारा सुरू होतो. ‘आधी जर्मन शिक, बाकीचं नंतर बघू.’ ‘मिळेल ते काम धर.’ ‘शंभर ठिकाणी सीव्ही टाक.’ हे सल्ले फुकट असतात, आणि तेवढ्याच लायकीचे.

१. परवानगी बघा. रेसिडेन्स कार्डावर किंवा जोडपत्रावर ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट’ असेल तर कुठलंही काम चालतं. मान्यता मिळालेल्या निर्वासितांना ते असतंच. आश्रयाचा अर्ज अजून लटकलेला असेल तर पहिले तीन महिने काम बंद, निवारा केंद्रात राहणाऱ्यांना सहसा सहा महिने. त्यानंतरही त्या-त्या नोकरीसाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची परवानगी आधी काढावी लागते.

२. इंटिग्रेशन कोर्सला नाव घाला. भाषेचे ६०० तास, वर १०० तास देशाची ओळख, बी१ (रोजच्या व्यवहारापुरती जर्मन) या पातळीपर्यंत. मात्र बी१ होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. पुढची पायरी याच काळात सुरू करायची.

३. जुन्या कामाची मान्यता, म्हणजे आनएरकेनुंग. घोडं अडतं ते इथेच.

आधी एक भेद समजून घ्या. डॉक्टर, नर्स, शिक्षक या पेशांत मान्यतेशिवाय पाऊल टाकता येत नाही. स्वयंपाकी, प्रोग्रॅमर, पत्रकार यांना ती लागत नाही. त्यांच्यामागे मान्यतेचं लचांड लावू नका. वायरमन, प्लंबर, सुतार मधल्या मधे लटकतात. नोकरी करायला कायद्याने मान्यता लागत नाही, पण कागद नसला की कंपनी ‘मदतनीस’ म्हणून घेते आणि वर्षानुवर्षं त्याच पगारावर ठेवते. म्हणूनच ‘मिळेल ते धर’ या सल्ल्याचा मला राग येतो. गोदामात दहा तास खोकी उचलून आलेला माणूस संध्याकाळी अर्ज भरत नाही.

आता खरी अडचण. रीतसर शिक्षण झालेलं, पण सर्टिफिकेट घरासकट गेलं. एका अलेप्पोच्या वायरमनच्या बाबतीत या टप्प्यावर माझा चांगलाच घाम निघाला होता. जो तो ‘कागद आणा’ एवढंच म्हणत होता. शिक्षण होऊनही कागद हाती नसलेल्यांसाठी कायद्यातच वाट आहे, हे कोणी आपणहून सांगत नाही. (नुसतं काकाच्या हाताखाली शिकलेल्याला, ज्याच्याकडे सर्टिफिकेट कधी नव्हतंच, ती लागू होत नाही.) २०१२ पासून लागू असलेल्या मान्यता कायद्याच्या कलम १४ मध्ये तिची सोय आहे. तिला क्वालिफिकात्सिओन्सआनालीझे म्हणतात, म्हणजे प्रत्यक्ष काम करून दाखवायचं आणि जाणकारांसमोर त्यावर बोलायचं. कारागिरीच्या धंद्यांसाठी अर्ज हांडवेर्क्सकामरकडे, म्हणजे कारागिरांच्या चेंबरकडे जातो. तिथे क्वालिफिकात्सिओन्सआनालीझे हे नाव घेऊनच विचारा.

त्याआधी दोन-तीन संध्याकाळी त्या माणसासोबत बसा. ‘काय काम करायचास?’ विचारलं की उत्तर येतं ‘सगळं’. त्यावर समाधान मानू नका. किती मजली इमारत, थ्री फेज होतं का, पॅनेल स्वतः बांधलं की नुसती वायर ओढली, फॉल्ट कसा शोधायचास? सगळं सालवार लिहून काढा. फोनमधले साइटवरचे जुने फोटो बाजूला काढा. बोलताना ते कामी येतात.

वायरमन असेल तर सुरक्षेचे पाच नियम क्रमाने आणि जर्मनमध्ये तोंडपाठ हवेत: सप्लाय तोडा, कुणी परत चालू करणार नाही याची सोय करा, व्होल्टेज नाही याची खात्री करा, अर्थ करून शॉर्ट करा, शेजारचे चालू भाग झाका. वीस वर्षं हे हातानेच केलेला माणूस तोंडाने सांगताना तिसरा दुसऱ्याच्या आधी घेतो, आणि समोरचा भुवया उंचावतो.

दोन गोष्टी ठणकावून सांगतो. पहिली, कागद मागवायला त्याला स्वतःच्या देशाच्या दूतावासात पाठवू नका. मान्यताप्राप्त निर्वासिताने तिथे जाऊन पासपोर्ट काढला तर त्याचा दर्जाच धोक्यात येऊ शकतो. आधी वकिलाला किंवा सल्ला केंद्राला विचारा. दुसरी, फी आणि भाषांतराचे पैसे जॉबसेंटरकडून (बेरोजगारांना भत्ता देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून) मिळू शकतात, पण अर्ज खर्चाच्या आधी करायचा. पावती घेऊन नंतर गेलात तर पैसे बुडाले समजा.

निकाल ‘अर्धवट मान्यता’ असा आला तर तोंड पाडू नका. नक्की काय कमी आहे ते त्यात लिहिलेलं असतं आणि तेवढाच भाग पुरा करून परत अर्ज करता येतो. मालकाला दाखवायला हा कागदही चालतो.

४. सीव्ही दोन पानांचा. मधली रिकामी वर्षं लपवू नका, ‘स्थलांतर’ लिहून मोकळे व्हा.

५. कामाची जागा जाहिरातींपेक्षा ओळखीतून लवकर मिळते. गल्लीतल्या छोट्या इलेक्ट्रिक कंपनीत सकाळी लवकर, माणसं गाडीत सामान भरत असताना जा. ‘दोन दिवस काम बघतो’ म्हणणं ठीक. दोन आठवडे फुकट राबवून घेणाऱ्याला नमस्कार करून निघा.

६. करारात तास आणि ब्रुट्टो (कर-विमा कापण्याआधीचा) पगार बघा. १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. ‘अर्धे हातात देतो’ म्हणणारा मालक विमा बुडवत असतो आणि पकडले गेल्यावर दोघंही अडकतात.

७. करारावर सही झाली की त्याच दिवशी जॉबसेंटरला कळवा. पगार सुरू झाल्यावरही भत्ता येत राहिला तर खूश होऊ नका, तो सगळा परत मागतात.