इलेक्ट्रिक कार घ्यायची का? आधी पार्किंग आणि वीजबिल तपासा

इलेक्ट्रिक कारची चौकशी बहुतेक जण रेंजपासून सुरू करतात. रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाईल ते अंतर, महत्त्वाची आहेच, पण तिचा नंबर तिसरा लागतो. पहिला प्रश्न असा की रात्री गाडी जिथे उभी राहते तिथपर्यंत तुमच्या मीटरची वायर पोहोचते का. दुसरा, महिन्याला तुम्ही किती किलोमीटर चालवता. या दोन्हींची उत्तरे घरबसल्या मिळतात आणि निर्णय बराचसा तिथेच होतो.

गाडी रस्त्यावर लागत असेल तर

रात्रीचे पार्किंग ठरलेले नसेल तर सगळा भार सार्वजनिक फास्ट चार्जरवर येतो. तिथे करासह युनिटला (म्हणजे एका किलोवॅट-तासाला, kWh) साधारण २० ते २५ रुपये पडतात. युनिटमागे साडेपाच ते साडेसहा किलोमीटर धरले तर किलोमीटरला तीन ते साडेचार रुपये खर्च येतो. किलोला २२ किलोमीटर देणारी सीएनजी गाडी, गॅस ८५ रुपये धरला तरी, चार रुपयांच्या आसपासच चालते. म्हणजे जास्त किंमत मोजून गाडी घ्यायची, चार्जरपाशी तासभर थांबायचे आणि खर्च सीएनजीइतकाच. ऑफिसच्या पार्किंगमध्ये रोज चार्जिंगची खात्री नसेल, तर अशा घराने सध्या इलेक्ट्रिक कार घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरचे चार्जिंग: वायरिंगचे काम नीट समजून घ्या

रोज ४० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला बॅटरीत सहाएक युनिट भरावी लागतात. चार्जिंगमध्ये १० ते १५ टक्के वीज वाया जाते, म्हणून मीटरवर साडेसहा युनिट पडतात. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर चालणारा पोर्टेबल चार्जर एवढे काम अडीच तासांत करतो. त्यामुळे ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर प्रत्येकाला लागतोच असे नाही. रोजचे अंतर १०० किलोमीटरच्या वर असेल, बॅटरी ५० युनिटच्या वरची असेल किंवा एका पॉइंटवर दोन गाड्या लावायच्या असतील, तर तो घ्या. ४५ युनिटची बॅटरी १० टक्क्यांवरून पूर्ण भरायला १५ अँपिअरवर पंधराएक तास लागतात, ७.२ किलोवॅटवर साडेसहा ते सात तास.

पॉइंट छोटा असो वा मोठा, त्याची वायर मीटरपासून स्वतंत्र आणली पाहिजे. गॅरेजच्या दिव्याच्या लाइनवर १५ अँपिअरचे सॉकेट बसवून दिले की सुरुवातीला सगळे ठीक चालते. मग एके दिवशी सॉकेट वितळलेले दिसते. मिक्सर किंवा इस्त्री थोड्या वेळासाठी चालते. चार्जर तासन्‌तास सलग १२-१४ अँपिअर ओढतो आणि सैल स्क्रू तापत जातो. घरगुती प्लास्टिकच्या सॉकेटपेक्षा धातूच्या पेटीतले औद्योगिक सॉकेट घ्या. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात वापरू नका.

इलेक्ट्रिशियनला पुढील गोष्टी कागदावर लिहून द्या:

– १५ अँपिअरच्या पॉइंटसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह गेला की वीज तोडणारा स्विच).
– ७.२ किलोवॅटसाठी ४० अँपिअरचा एमसीबी आणि किमान ६ चौरस मिलिमीटरची वायर. मीटर लांब असेल तर १० चौरस मिलिमीटर. ५० मीटर अंतरावर ३२ अँपिअर वाहताना ६ च्या वायरीत सुमारे १२ व्होल्ट गळतात, १० च्या वायरीत सातच. गावाकडे संध्याकाळी मुळातच व्होल्टेज पडलेले असते. तिथे हे १२ व्होल्ट चार्जिंग मध्येच बंद पाडू शकतात.
– ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), टाइप ए. चार्जरच्या आत डीसी गळती ओळखण्याची सोय नसेल तर टाइप बी.
– स्वतंत्र अर्थिंग, मोजून ५ ओहमच्या आत.

नवीन चार्जर ‘खराब निघाला’ अशा तक्रारींमागे बऱ्याचदा अर्थिंगच असते. अर्थिंग नसले किंवा न्यूट्रल आणि अर्थमध्ये जास्त व्होल्टेज दिसले, की चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. तो तुमचा जीव वाचवत असतो. न्यूट्रल आणि अर्थ जोडून त्याला फसवण्याचा ‘जुगाड’ काही ठिकाणी केला जातो. त्यात न्यूट्रल तुटला तर गाडीच्या धातूच्या भागात वीज उतरू शकते.

यानंतर वीजबिलावरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा, पाहा. तो ३ किलोवॅट असेल तर पोर्टेबल चार्जर आणि घरातला एसी एकत्र चालणार नाहीत. महावितरणच्या संकेतस्थळावरून भार वाढवण्याचा अर्ज करता येतो. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर, जो पुरवठादार असेल त्याच्याकडे करा. ७.२ किलोवॅटचा चार्जर एकटाच ३०-३२ अँपिअर ओढतो, म्हणून त्याच्याबरोबर बहुधा थ्री-फेज जोडणी घ्यावी लागते. हा खर्च गाडीच्या किमतीत धरा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर बुकिंगच्या आधी सोसायटीला लेखी अर्ज द्या. अर्जासोबत मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत वायर कुठून जाईल याचा नकाशा, वायरीची जाडी, संरक्षणाची साधने आणि परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचे नाव जोडा. ‘चार्जर लावू द्या’ एवढ्याच विनंतीवर समितीची बैठक महिनोन्‌महिने चालते. तपशील दिला की हरकत कुठे आहे ते निदान कळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारलेल्या केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा अधिकार आहे, त्याचा उल्लेख अर्जात करा. वेगळ्या जोडणीला दरमहा वेगळा स्थिर आकार लागतो. तुम्हाला कोणता दरवर्ग लागू होईल हे उपविभागीय कार्यालयातून लेखी घ्या.

किलोमीटरचा हिशेब

विक्रेते ‘रुपयात एक किलोमीटर’ सांगतात. महाराष्ट्रातल्या घरगुती विजेवर हे सहसा जमत नाही, कारण दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. गाडीची युनिटे घरच्या वापरावर चढतात, म्हणजे त्यांना नेहमी वरच्या टप्प्याचा दर लागतो. सरासरी दर काढून हिशेब केला तर तो चुकतो.

एक उदाहरण घेऊ. घराचा वापर १८० युनिट, गाडी महिन्याला १,२०० किलोमीटर. युनिटला ७ किलोमीटर आणि चार्जिंगमधली तूट धरून मीटरवर सुमारे १९५ युनिट वाढतील. त्यातली १२० दुसऱ्या टप्प्यात, ७५ तिसऱ्यात. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्कासह दुसऱ्या टप्प्याला १३ रुपये आणि तिसऱ्याला १७ रुपये धरले तर बिल २,८३५ रुपयांनी वाढेल. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला, १०४ रुपये दराने, ८,३२० रुपये लागतील. बचत महिना साडेपाच हजारांच्या आसपास. तुमच्या बिलावरचे दर घालून हाच हिशेब पुन्हा करा. दर दरवर्षी बदलतात.

दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो साडेचार वर्षांत भरून निघतो. हाच माणूस महिन्याला ५०० किलोमीटर चालवत असेल तर बचत जेमतेम २,४०० रुपये, आणि फरक भरायला दहा वर्षे. त्यात कर्जाचे व्याज धरलेले नाही. म्हणून महिना ८०० किलोमीटरच्या खाली पैशांसाठी इलेक्ट्रिक घेऊ नका. गाडीची शांतता आणि सिग्नलवरून मिळणारा वेग आवडतो म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण तो खर्च आहे हे मान्य करून.

तुलना नेहमी ऑन-रोड किमतींची करा. पेट्रोल गाडीला राज्याचा मोटार वाहन कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के आहे. इलेक्ट्रिकला तो सध्या माफ आहे. १२ लाखांच्या गाडीवर एवढ्यानेच १ लाख ४४ हजारांचा फरक पडतो. उलट बाजूही पाहा: सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तर इलेक्ट्रिकवर तो आधीपासून ५ टक्केच होता. त्यामुळे जुन्या लेखांतले आणि व्हिडिओंतले हिशेब आता लागू होत नाहीत. कर्जाच्या व्याजावरची आयकरातली ८०ईईबी कलमाखालची वजावटही ३१ मार्च २०२३ नंतर मंजूर झालेल्या कर्जांना मिळत नाही. केंद्राच्या इलेक्ट्रिक वाहनांसाठीच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी कारला अनुदान नाही. या दोन सवलती मिळतात असे कोणी अजून सांगत असेल तर त्याचे बाकीचे आकडेही तपासून घ्या.

छतावर सौर पॅनेल असतील तर चित्र पालटते. ३ किलोवॅटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला १० ते १२ युनिट देतो. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत त्यावर ७८,००० रुपये अनुदान आहे. दोन्ही खर्च करायचेच असतील तर आधी पॅनेल बसवा.

रेंज: जाहिरातीतला आकडा आणि समृद्धीवरचा आकडा

प्रमाणपत्रावरची रेंज प्रयोगशाळेतली असते. शहरासाठी तिच्या ७० ते ७५ टक्के धरा. महामार्गावर आणखी कमी, कारण वेगाबरोबर हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. ४५ युनिटच्या मध्यम एसयूव्हीला १०० च्या वेगाने युनिटमागे साडेपाच-सहा किलोमीटर मिळतात, १२० ला पाचच्या खाली येतात.

लांबच्या प्रवासात शंभरापासून शून्यापर्यंतची रेंज उपयोगाची नसते. पहिला टप्पा १०० वरून १० टक्क्यांपर्यंत. पुढचे सगळे टप्पे ८० वरून १० पर्यंत, कारण ८० टक्क्यांनंतर फास्ट चार्जरचा वेग मुद्दाम कमी होतो. म्हणजे ४५ युनिटची गाडी समृद्धीवर १२० ने चालवली तर पहिला टप्पा १९० किलोमीटरचा, त्यापुढचे १५० चे. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरच्या मार्गावर चार थांबे धरावे लागतात. वेग १०० वर आणला तर तीनांत भागू शकते.

घाटाची भीती मात्र फार वाढवून सांगितली जाते. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत चढ साधारण ५५० मीटरचा आहे. १,७०० किलोच्या गाडीला एवढे चढायला अडीच ते तीन युनिट जास्त लागतात, आणि उतरताना त्यातली निम्म्याहून जास्त बॅटरीत परत येतात. बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना घाट उतरायला लागलात तर ही परत येणारी वीज घ्यायला जागा नसते, ब्रेक नेहमीपेक्षा वेगळा लागतो. महाबळेश्वरच्या हॉटेलातून निघताना ८५-९० वर थांबा.

मार्ग ठरवताना एका चार्जरवर विसंबू नका. प्रत्येक थांब्याच्या २०-३० किलोमीटर अलीकडे किंवा पलीकडे दुसऱ्या कंपनीचा चार्जर हवा. प्लगशेअर या चार्जर शोधण्याच्या ॲपवर शेवटचा यशस्वी चार्ज कधी झाला ते पाहा. दोन-तीन ॲपमध्ये आधीच पैसे भरून ठेवा, कारण घाटात ओटीपी येत नाही. मुंबई-पुणे किंवा पुणे-कोल्हापूरला फारशी अडचण नाही. गणपतीत कोकणात जाणाऱ्या, एकच गाडी असलेल्या घराने मात्र त्याच आठवड्याचा विचार करून ठरवावे: चार्जर विरळ आणि रांगा लांब. गावच्या घरी १५ अँपिअरचा पक्का पॉइंट असेल तर हा प्रश्न बराच हलका होतो.

अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. फास्टॅग खात्यात गाडीची नोंद इलेक्ट्रिक म्हणून झाली आहे का ते बघा. पैसे कापले गेले तर परतावा मागा.

ऊन, पाणी आणि विमा

विदर्भ-खानदेशात मे महिन्यात द्रवाने थंड होणारी बॅटरीच हवी. हवेने थंड होणारी बॅटरी ४४-४५ अंशांत तापली की फास्ट चार्जिंग रेंगाळते. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आठवड्यातून एकदा १०० टक्के भरा, नाहीतर टक्क्यांचा अंदाज चुकत जातो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरी रोज ८०-९० टक्क्यांवर थांबवा. कोणती आहे ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. तुंबलेल्या सबवेतून गाडी घालण्याचा तो परवाना नाही. तळघरात पाणी भरत असेल तर चार्जर दीड मीटर उंचीवर बसवा.

बॅटरीची हमी बहुधा ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर असते. क्षमता किती टक्क्यांच्या खाली आली की बदलून मिळते आणि दुसऱ्या मालकाला काय उरते, ही दोन वाक्ये हमीपत्रात शोधा. तृतीय पक्ष विम्यात १५ टक्के सूट आहे, पण स्वतःच्या नुकसानीचा हप्ता जास्त बसतो. गतिरोधकावर तळ घासून बॅटरीच्या पेटीला पोचा पडला तर दुरुस्ती फार महाग असते, म्हणून बॅटरीचे वेगळे संरक्षण आणि शून्य घसारा (झीरो डेप्रिसिएशन) दोन्ही घ्या. बॅटरी भाड्याने देणाऱ्या योजनेत महिन्याच्या किमान किलोमीटरची अट आधी वाचा. कमी चालवणाऱ्याला ती महाग पडते.

बुकिंगच्या आधी

अर्ध्या तासाच्या टेस्ट ड्राइव्हवर विश्वास ठेवू नका. गाडी दिवसभरासाठी मागा किंवा तेच मॉडेल भाड्याने घ्या. ट्रिप मीटर शून्य करून रोजच्या रस्त्यावर, एसी चालू ठेवून, घरची सगळी माणसे बसवून चालवा. युनिटला किती किलोमीटर मिळाले तो आकडा वरच्या हिशेबात घाला. परत देण्याआधी एका फास्ट चार्जरवर १५ मिनिटे लावून पाहा.

मग क्रम असा ठेवा: सोसायटीचे पत्र, मंजूर भार, वायरिंग, अर्थिंगची मोजणी, त्यानंतर गाडीची डिलिव्हरी. डिलिव्हरीच्या दिवशी उत्पादनाचा महिना पाहा, पोर्टेबल चार्जर पेटीत आहे का पाहा, स्टेपनी आहे की नुसते पंक्चर किट तेही पाहा. १२ व्होल्टची छोटी बॅटरीही तपासायला सांगा. यार्डात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत ती उतरलेली असते, आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.