फेलोशिप मिळाली? मग पहिल्या आठवड्यात या चुका टाळा

नेट-जेआरएफ, म्हणजे यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) संशोधनासाठीची फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा, काढून पीएचडीला आलेल्या मुलांना अक्कल शिकवायची गरज नसते. तरी दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला त्यांच्यातलेच काही जण माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात. "मॅडम, अजून फेलोशिप सुरूच झाली नाही." खोदून विचारलं की कारण बहुतेक वेळा ओरिएंटेशनच्या आठवड्यातच सापडतं. संशोधन केंद्रात फेलोशिपचे कागद बघणं हे माझं काम आहे आणि हा आठवडा टाइमपास आहे असं समजणाऱ्यांचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे.

भाषणं रटाळ असतात हे मान्य. उद्घाटनाला दांडी मारलीत तरी काही बिघडत नाही. पण जेवणानंतर ऑफिसमधलं कुणीतरी येऊन कुठला फॉर्म कुठे द्यायचा ते सांगतं, ते सत्र चुकवू नका. नेमका तेव्हाच हॉल अर्धा रिकामा असतो.

जॉइनिंग रिपोर्ट बॅगेत ठेवून फिरणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते. 

इतिहासाचा एक मुलगा होता. वाचन दांडगं, पहिल्याच दिवशी गाइडशी दोन तास चर्चा करून आला. गाइडनी जॉइनिंग रिपोर्टवर, म्हणजे रुजू झाल्याच्या कागदावर, सहीही दिली. विभागप्रमुख रजेवर होते, म्हणून याने कागद बॅगेत टाकला. तारखेची जागा कोरी. मग सामान आणायला गावी गेला, तिथे चुलत बहिणीचं लग्न निघालं, आणि कागद आमच्या आवक-जावकच्या खिडकीत पोचला तो जवळपास तीन आठवड्यांनी. खिडकीतल्या माणसाने त्या दिवसाचा शिक्का मारला. त्याने दुसरा कुठला मारायचा?

पीएचडीला नव्याने येणाऱ्याची फेलोशिप मोजतात ती रुजू झाल्याच्या तारखेपासून. जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, तेव्हा तीन आठवडे म्हणजे किती गेले याचा हिशोब तुम्हीच करा. मुलगा हटून बसला, "मी पहिल्या दिवशी आलोच होतो, स्वागताच्या ग्रुप फोटोत आहे बघा." होता खरा, दुसऱ्या ओळीत, हातात गुलाब घेऊन. पण फोटो फाइलला लागत नाही. शेवटी तो गाइडकडे मागची तारीख घालून पत्र मागायला गेला. त्यांनी साफ नकार दिला आणि तो योग्यच होता. मागची तारीख घातलेला एक कागद पुढे ऑडिटमध्ये सगळ्या विभागाला नाचवतो.

तेव्हा सही घेतली की तिथेच, त्यांच्यासमोर, तारीख घाला. विभागप्रमुख रजेवर असले तरी कुणाकडे तरी कार्यभार असतोच, त्यांची सही चालते. रिपोर्टच्या दोन प्रती काढा. एक जमा करा, दुसरीवर पोच म्हणून शिक्का मारून घ्या आणि ती प्रत आयुष्यभर सांभाळा. मी तर साध्या रजेच्या अर्जाचीही पोच घेते. लोक हसतात, हसू देत.

आधीपासून पीएचडी करत असताना जेआरएफ मिळाली असेल तर हिशोब वेगळा. निकाल जाहीर झाल्याची तारीख आणि रुजू झाल्याची तारीख, यांतली जी नंतरची ती धरतात.

चार कागदांवर चार नावं

हे आपल्याकडचं खास दुखणं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. आणि लग्न झालेलं असेल तर पॅनवर नवऱ्याचं आडनाव. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. दीपालीला कुठे दोन ई, कुठे एक आय. माणसाला हे सगळं एकच वाटतं. फेलोशिपच्या ऑनलाइन पोर्टलला वाटत नाही आणि अर्ज परत येतो.

मुलांचा पहिला उपाय म्हणजे कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन आधारवरचं नाव बदलून टाकणं. थांबा जरा! आधारवर नाव एरवी फक्त दोनदा बदलता येतं. गडबडीत एकदा चुकीचं केलंत, तर ते दुरुस्त करण्यात दुसरी संधीही जाते. आधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा. मी जेआरएफचं अवॉर्ड लेटर, म्हणजे फेलोशिप मिळाल्याचं पत्र, प्रमाण धरते आणि बाकीचे त्याला जुळवायला सांगते. कारण बँकेतलं नाव स्थानिक शाखेत दुरुस्त होतं, अवॉर्ड लेटरसाठी दिल्लीशी पत्रव्यवहार करावा लागतो. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत पहिल्याच दिवशी जोडा, कुणी मागायची वाट बघू नका.

बँकेचं निघालंच आहे म्हणून एक सांगते. "खातं आधारला लिंक आहे" एवढ्यावर विसंबू नका. केवायसीसाठी आधार दिलेलं असणं वेगळं आणि सीडिंग, म्हणजे आधारवरून येणारे पैसे याच खात्यात घ्यायचे अशी जोडणी, वेगळं. थेट आधारवरून जमा होणारे पैसे शेवटी ज्या खात्याला सीडिंग झालं त्यातच जातात. हॉस्टेलच्या मेसबाहेर स्टॉल लावून कुणी नवं खातं उघडून दिलं असेल तर पैसे तिकडे गेलेले असू शकतात.

हॉस्टेल नको म्हणून लिहून देणं

"मॅडम, तिघांच्या खोलीत अभ्यास होत नाही, मी बाहेर फ्लॅट घेतोय, एचआरए मिळेलच ना?" नाही मिळणार. विद्यापीठ हॉस्टेल देत असताना तुम्ही ते नाकारलंत तर घरभाडे भत्त्यावरचा हक्क जातो. हॉस्टेलमध्ये राहिलात तर हॉस्टेलची फी मिळते, पण मेस, वीज आणि पाणी त्यात धरत नाहीत. हॉस्टेल उपलब्धच नसेल तर शहराच्या वर्गवारीप्रमाणे एचआरए मिळतो: मुंबई, पुणे एक्स, नागपूर, नाशिक वाय, असं ते असतं. म्हणून हॉस्टेलचा अर्ज प्रत्येकाने करावा, ज्याला तिथे राहायचं नाही त्यानेसुद्धा. जागा नाही असं लेखी उत्तर हातात आलं की मग खुशाल फ्लॅट बघा. नकाराचं पत्र आपल्याकडून जाता कामा नये, ते हॉस्टेलकडून यायला हवं. रेक्टरने तोंडी सांगितलेलं "जागा नाहीये रे" याला कागदावर काहीच किंमत नाही.

एकदा सुरू झाली की आपोआप येते, हा समज

येत नाही. तुम्ही नियमित काम करताय हे विद्यापीठाने दर महिन्याला पोर्टलवर कळवायचं असतं. एक जण माहिती भरतो, त्याला मेकर म्हणतात, आणि दुसरा मंजूर करतो, तो चेकर. यांतला एक जरी परीक्षेच्या कामाला लागला की तो महिना लटकतो. मुलं मात्र थेट यूजीसीला मेल पाठवतात, तीन स्मरणपत्रं टाकतात, मग कुणाला तरी टॅग करून पोस्ट लिहितात. आणि फाइल असते दोन मजले खाली. हे दोघं कोण आणि कुठल्या टेबलावर बसतात हे पहिल्या आठवड्यातच बघून ठेवा. हजेरीचा दाखला गाइडच्या सहीसह महिना संपायच्या आत द्या, दुसऱ्या दिवशी झालं का ते विचारा. नम्रपणे, पण विचारा.

आता काही किरकोळ.

कंटिन्जन्सीतून, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठी वेगळी मिळणाऱ्या रकमेतून, खुर्ची-टेबल घेऊ नका, फर्निचर त्यात बसत नाही, परीक्षा फीही नाही. भाषा आणि सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये असतात, विज्ञानाला १२,०००. बिल तुमच्या नावाचं हवं, मित्राच्या नव्हे.

"पीएचडीला कसलं रॅगिंग" म्हणत अँटी-रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र टाळू नका. यूजीसीच्या २००९ च्या विनियमांप्रमाणे ते विद्यार्थ्याने आणि पालकानेही द्यायचं असतं, तुमचं वय कितीही असो.

बाहेर तासिका तत्त्वावर शिकवायचं चालू ठेवून दोन्हीकडचे पैसे घ्यायचा विचार मनात असेल तर आत्ताच सोडा. सगळं पॅनला जोडलेलं आहे.

पहिल्या आठवड्यात विषय पक्का करून मोकळं व्हायची घाई करू नका. गाइडही खूश होत नाहीत, फक्त मान हलवतात.

कोर्सवर्कला, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीला द्यायच्या पेपरांना, हलक्यात घेणारे दरवर्षी निघतात. यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांनुसार ते किमान १२ क्रेडिटचं असतं आणि ५५ टक्क्यांशिवाय पुढे जाता येत नाही. संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा पेपर 'सोपा आहे' म्हणून शेवटच्या रात्री वाचणारे त्यातच अडकलेले मी पाहिले आहेत.

सुट्ट्यांचंही सांगून टाकते, कारण पहिली फसगत इथेच होते. विद्यापीठाच्या दिवाळीच्या आणि उन्हाळी सुट्ट्या जेआरएफला लागू नसतात. सार्वजनिक सुट्ट्या सोडून वर्षाला ३० दिवस रजा मिळते, आणि तीही अर्ज देऊन. तिकीट काढण्याआधी अर्ज द्या.