स्वाधारसाठी खोली बघताय? आधी करारातलं नाव बघा

पहिल्या वर्षी माझा स्वाधारचा, म्हणजे वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्यांना बाहेर राहण्या-जेवण्याचे पैसे देणाऱ्या सरकारी योजनेचा, अर्ज एका ओळीवरून परत आला. खोली खरी होती, भाडं मी दर महिन्याच्या पाच तारखेला देत होते, कागदांची फाइल फुगली होती. समाज कल्याण कार्यालयातल्या खिडकीपलीकडच्या मॅडमनी भाडेकराराचं पहिलं पान उघडलं. पेनाचं टोक घरमालकाच्या नावाखालून हळूहळू भाडेकरूच्या नावापर्यंत आणलं आणि विचारलं, "यात तू कुठे आहेस?" नाव माझ्या रूममेटचं होतं. फोटो तिचा, अंगठा तिचा. राहत होतो तिघी. करार झाला त्या दिवशी मला प्रॅक्टिकल होतं, "एकीचं नाव पुरतं" असं एजंट म्हणाला आणि मी बरं म्हटलं. नवा करार होईपर्यंत मुदत संपली. त्या वर्षीचे पैसे गेले, आणि वडिलांनी ते कुठून उभे केले हे मला माहीत आहे.

म्हणून ही यादी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून शिकणाऱ्यांसाठी लिहिते आहे, पण आदिवासी विद्यार्थ्यांची स्वयम योजना आणि ओबीसी, भटक्या विमुक्तांसाठीची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना यांतही खोली शोधण्याची दगदग तीच आहे. स्वाधार 2016-17 पासून सुरू आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर बाहेर राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यात येतात. नव्याने येणाऱ्यांचा एक गैरसमज असतो की सरकारने मंजूर केलेल्या खोल्यांची कुठेतरी यादी असेल आणि त्यातून एक निवडायची. तशी यादी नसते. ज्या खोलीचे कागद पूर्ण, ती खोली कार्यालयाला मान्य. कितीही चांगली, कितीही स्वस्त खोली असली आणि कागद नसले, तर योजनेच्या दृष्टीने तुम्ही तिथे राहतच नाही.

आधी हिशेब. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथे वर्षाला 60,000 रुपये ठरले: भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000, निर्वाहाचे 8,000. इतर महापालिका क्षेत्रांत 51,000 आणि बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000. निवासाचे 20,000 बाराने भागले की महिन्याला 1,667 रुपये होतात. पुण्यात एवढ्यात एकटीला खोली मिळेल ही आशा सोडा. दोघी-तिघींनी मिळूनच घ्यावी लागते, आणि तिघींनी मिळून घेतली की करारात एकीचंच नाव घालायचा मोह सगळ्यांना होतो. एजंटला काम कमी, घरमालकाला डोकेदुखी कमी. नुकसान फक्त ज्यांची नावं नाहीत त्यांचं. राहणाऱ्या प्रत्येकीचं नाव करारात हवं. प्रत्येकीचं.

पैसे हप्त्यांनी येतात आणि उशिरा येतात. दुसऱ्या वर्षी माझा पहिला हप्ता आला तेव्हा परीक्षा तोंडावर होती. तोवर डिपॉझिट, भाडं, मेस सगळं खिशातून. निदान सहा महिन्यांची सोय आधी घरी बोलून ठेवा. "स्वाधार आलं की देते" हे घरमालकाला कधीही सांगू नका.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (अडीच लाखांच्या आत), अधिवास, आधार, मार्कशीट, बोनाफाइड हे सगळ्यांना माहीत असतं. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे ना तेवढं बघा. बँक खात्याचं मात्र नीट ऐका: खात्याला आधार नंबर जोडलेला असणं आणि ते खातं थेट लाभासाठी आधारशी सीड झालेलं असणं (म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात यावेत अशी नोंद असणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन खाती असतील तर पैसे दुसऱ्याच खात्यात जाऊन बसतात. बँकेत जाऊन विचारा, मोबाइलवरच्या मेसेजवर विसंबू नका. आणि कॉलेज ज्या शहरात आहे तिथले तुम्ही रहिवासी असाल तर ही योजना तुमच्यासाठी नाही. म्हणूनच स्थानिक रहिवासी नसल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क 2004 च्या आदेशाने माफ आहे. बाहेर बसलेला माणूस महागाचा स्टॅम्प पेपर पुढे करेल, तो घेण्याआधी खिडकीवर विचारा.

आता खोली. कॉलेज सुरू व्हायच्या निदान तीन आठवडे आधी शोधायला लागा. जुलै-ऑगस्टमध्ये बॅग घेऊन उतरलेल्या मुलांना एजंट लांबूनच ओळखतात. पाणी किती वेळ येतं, लाईटचा वेगळा मीटर आहे का, रात्री किती वाजता दार बंद होतं, हे तुम्ही विचारालच. त्याच्याही आधी एक प्रश्न विचारा. जिने चढण्याआधी, फोनवरच: "भाडेकरार नोंदणी करून मिळेल का, आणि त्यात आम्हा सगळ्यांची नावं येतील का?" उत्तर "बघू", "नंतर करू", "कराराची काय गरज, मी आहे ना" असं आलं तर पुढचा नंबर फिरवा. खोली बघायलाच जाऊ नका. बघितली की आवडते, आवडली की टोकन दिलं जातं, आणि टोकन दिलं की तुमचा आवाज खाली येतो. माझं तसंच झालं होतं.

इथे एक अवघड गोष्ट सांगितलीच पाहिजे. खोली बघायला गेलं की आडनाव विचारतात. गाव विचारतात. नॉनव्हेज खाता का विचारतात. एका ठिकाणी काकू चहा ठेवायला आत गेल्या, तेवढ्यात काकांनी आडनाव विचारलं आणि चहा काही बाहेर आला नाही. खोली "कालच गेली" असं कळलं. त्या जिन्यावरून उतरताना काय वाटतं हे ज्यांनी सोसलं आहे त्यांना लिहून सांगायला नको. मुद्दा असा, की करार कशासाठी हवा हे सांगताना योजनेचं नाव घेणं तुमच्यावर बंधनकारक नाही. "कॉलेजला आणि बँकेला पत्त्याचा पुरावा लागतो" हे खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे. ज्यांना मोकळेपणाने सांगावंसं वाटतं त्यांनी जरूर सांगावं, मी आता सांगते. पण पहिल्या वर्षाच्या मुलीने खोली हातात येण्याआधी सगळं उघड केलंच पाहिजे असं मला वाटत नाही. सीनियर्सकडून आधी विचारून घ्या की कोणत्या घरमालकाने गेल्या वर्षी करार करून दिला. असे पाच नंबर एजंटच्या पन्नास नंबरांपेक्षा कामाचे.

घरमालक करार टाळतात त्याचं कारण बहुतेक वेळा भीती असतं: पोरं खोली सोडणार नाहीत, टॅक्स लागेल, सोसायटी विचारेल. त्यांना शांतपणे सांगा की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार (आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो) लेखी आणि नोंदणी केलेला असावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, म्हणजे कराराने उलट त्यांचंच रक्षण होतं. 11 महिन्यांचा असला तरी नोंदणीतून सुटका नाही. हे बोलताना भांडणाचा सूर नको. आपल्याला तिथे वर्ष काढायचं असतं.

खर्चाचा बाऊ करतात, तोही खरा नाही. मुद्रांक शुल्क म्हणजे मुदतीचं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या 0.25 टक्के. महिना 9,000 भाडं, 25,000 डिपॉझिट, 11 महिने धरले तर अडीचशे रुपयांच्या आसपास. शहरात नोंदणी फी 1,000. एजंटची फी धरूनही तिघींत वाटलं की फार होत नाही. नोंदणी ऑनलाइन होते, माणूस मशीन घेऊन घरी येतो, आधारवर अंगठा घेतो. आणि नीट ऐका: तिघींची नावं घातली म्हणून शुल्क तिप्पट होत नाही, शुल्क भाड्यावर आहे. प्रत्येक नावामागे एक अंगठा जास्त, एवढंच. त्या एका अंगठ्यासाठी माझं अख्खं वर्ष गेलं.

तर अंगठ्याच्या दिवशी हजर राहा. प्रॅक्टिकल असो, पेपर असो, वेळ बदलून घ्या. "तू नंतर ये, तुझं नाव नंतर टाकू" याला होकार देऊ नका. नोंदणी झालेल्या करारात मागाहून पेनने नाव घालता येत नाही. नवा करार, पुन्हा शुल्क, पुन्हा सगळ्यांना एकत्र आणणं. अंगठा देण्याआधी मसुदा मोबाइलवर मागवा आणि स्वतः वाचा. तुमचं नाव आहे का. आधारवर आहे तसंच आहे का, वडिलांच्या नावासकट. खोलीचा पत्ता फ्लॅट नंबर, इमारत, पिनकोडसकट पूर्ण आहे का. मुदत कधीपासून कधीपर्यंत. 11 महिन्यांचाच करार करावा असा कायदा नाही, ती फक्त पडलेली सवय आहे. शैक्षणिक वर्ष पूर्ण झाकलं जाईल अशी मुदत घ्या, नाहीतर परीक्षेच्या महिन्यात करार संपलेला असतो.

करार कोणाशी होतोय हेही बघा. माझ्या मैत्रिणीच्या करारावर घरमालकाचं नाव होतं आणि लाईट बिल त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर. दोन नावं जुळेनात, अर्ज त्रुटीत गेला. लाईट बिल किंवा मालमत्ता कराची पावती करार करणाऱ्याच्याच नावावर आहे का, ते डिपॉझिट देण्याआधी बघा आणि फोटो काढून ठेवा. मागून मागितलं की द्यायला कोणाला वेळ नसतो.

कॉट बेसिसवर (फक्त एका कॉटचं भाडं देऊन) किंवा खाजगी होस्टेलमध्ये राहणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे करार नसतो, पावती असते, कधी तीही नसते. अशा ठिकाणी पैसे भरण्याआधी समाज कल्याणच्या सहाय्यक आयुक्त कार्यालयात जाऊन विचारा की या होस्टेलचे कोणते कागद चालतील, आणि तेच कागद होस्टेलकडून लिहून मागा. तुमच्या नावाने. ज्या होस्टेलला पावतीपुस्तक नाही तिथे राहू नका. मेसचीही पावती घ्या.

भाडं रोख देऊ नका. दर महिन्याला ऑनलाइन, आपल्या खात्यातून, "खोली भाडे" असं लिहून. एकीने तिघींचं भरलं तर बाकी दोघींकडे पुरावा उरत नाही, आणि करारात नाव नाही तसंच इथेही नाव नाही असं होऊन बसतं. घरमालकाने पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती द्यायची असते, त्या फॉर्मवरही तिघींची नावं आहेत ना बघा.

अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची कागदपत्रांची यादी वाचा, सीनियरची जुनी नाही. स्कॅन स्वच्छ हवेत. कराराची सगळी पानं एकाच फाइलमध्ये, नावांचं पान वाचता येईल असं. अर्ज केल्यावर पोर्टल आठवड्यातून दोनदा उघडा, त्रुटी निघाली तर मेसेजची वाट बघू नका. कार्यालयात जाल तेव्हा मूळ कागद आणि दोन झेरॉक्स. चौकशीला कोणी खोलीवर आलं तर तुम्ही तिथे राहता हे घरमालकांनी सांगितलं पाहिजे, म्हणून त्यांना आधीच कल्पना द्या.

उपस्थिती 75 टक्के. खाडे केले तर पुढचा हप्ता अडकतो. खोली बदलली तर नवा करार घेऊन कार्यालयाला कळवा, गप्प बसू नका. सोडताना महिनाभर आधी लेखी नोटीस, भिंतींचे फोटो, शेवटचं लाईट बिल भरल्याची पावती, मगच किल्ली.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरण असलं तरी करार पुन्हा वाचा. मी वाचला. माझं नाव होतं, पण वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. मशीनवाला निघायच्या घाईत होता, त्याला बसवून घेतलं, दुरुस्त केलेला मसुदा पुन्हा पाठवायला लावला आणि मग अंगठा दिला.