डेन्मार्कसारख्या छोट्या बाजारात बेदाणा-हळद विकायला निघताना या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा दर उतरला किंवा तासगावच्या सौद्यात बेदाण्याला अपेक्षेइतका भाव मिळाला नाही, की निर्यातीची चौकशी करणाऱ्यांची माझ्याकडे रीघ लागते. आखाती देशांच्या मळलेल्या वाटेऐवजी युरोपातील एखाद्या छोट्या, श्रीमंत देशात माल पाठवावा, असे अलीकडे अनेकांना वाटू लागले आहे. या विचारात गैर काहीच नाही. गैर असते ती घाई. आयईसी क्रमांक, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी नोंदणी क्रमांक, हाती पडल्याबरोबर खरेदीदारांची यादी मागणारे भेटतात, परंतु त्या देशात आपला माल नेमका कशासाठी वापरला जातो, हे विचारणारा क्वचितच भेटतो. येथे उदाहरण म्हणून डेन्मार्क घेतो. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून सुमारे ५८ लाख लोकसंख्या होते आणि डेन्मार्कची संपूर्ण लोकसंख्या आज सुमारे ६० लाख आहे. एवढा आकार मनात पक्का ठेवला, तर पुढच्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

वरवरचा आकडा पाहून बाजार ठरवणे

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे, की कोणी रंगीत आलेख घेऊन आला की मी आधी त्याखालचा संकेतांक, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा (एचएस) क्रमांक, वाचतो. मिरजेकडचा एक अभियंता तरुण असाच आला होता. संगणकावर त्याचा हात उत्तम बसलेला होता आणि ट्रेड मॅप या व्यापार आकडेवारीच्या संकेतस्थळावरून त्याने डेन्मार्कच्या मसाला आयातीचा सुबक तक्ता तयार केला होता. आकडा डोळे दिपवणारा होता. ‘काका, यातला फक्त एक टक्का धरा,’ असे म्हणून त्याने वर्षाची उलाढाल, कर्जाचा हप्ता आणि हळद दळण्याच्या यंत्राची, पल्व्हरायझरची किंमत असा सगळा हिशेब माझ्यापुढे मांडला. घरच्यांनी जमीन तारण ठेवण्याची तयारीही दाखवली होती.

मी त्याला एवढेच विचारले, की हा आकडा कोणत्या संकेतांकाचा आहे. त्याने ०९ हा पूर्ण अध्याय घेतला होता. या अध्यायात मसाले आहेत हे खरे. पण त्यातच कॉफी आणि चहाही आहेत, आणि डॅनिश लोकांची गणना जगातील मोठ्या कॉफीबाजांमध्ये होते. म्हणजे तो ज्याला मसाल्याचा बाजार समजत होता, तो बहुतांशी कॉफीचा बाजार होता. मग आम्ही ०९१० या शीर्षकापर्यंत खाली आलो. तेथे आले, केशर, ओवासदृश थाइम, तमालपत्र, करी पावडर आणि हळद अशी एकत्र मोट बांधलेली असते. अखेरीस ०९१०३० या खास हळदीच्या संकेतांकावर पोहोचलो, तेव्हा आकडा इतका आक्रसला होता, की त्याचा एक टक्का काढून दाखवण्याची गरजच उरली नाही. तरुण शहाणा होता. त्याने तारणाची कागदपत्रे घरी परत नेली आणि पल्व्हरायझरचा विषय काही काळ बाजूला ठेवला.

तक्त्यात आणखी एक खाच होती. पुरवठादार देशांच्या यादीत नेदरलँड आणि जर्मनी ठळकपणे दिसत होते. या दोन्ही देशांत हळदीचे शेत नाही. युरोपीय संघातील देश एकमेकांकडून माल घेतात, तेव्हा आकडेवारीत सर्वसाधारणपणे माल जेथून निघाला तो देश नोंदवला जातो, पिकला तो नव्हे. हळद भारतातून रॉटरडॅम किंवा हॅम्बुर्गला उतरते, तेथे ती स्वच्छ होते, वाफेने निर्जंतुक होते, दळली जाते आणि ट्रकने डेन्मार्कला जाते. त्यामुळे डेन्मार्कची मागणी खरी असली, तरी त्या मागणीचा खरेदीदार पुष्कळदा डेन्मार्कबाहेर बसलेला असतो, आणि नवख्या निर्यातदाराने पहिले पत्र कोपनहेगनला न पाठवता रॉटरडॅमला पाठवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

माझी स्वतःची सवय साधी आहे. सहा अंकी संकेतांकाखालची पाच वर्षांची आयात मी वजन आणि किंमत अशा दोन्ही रकान्यांत उतरवतो, किमतीला वजनाने भागून प्रत्येक पुरवठादार देशाचा किलोमागे दर काढतो आणि शेजारी आपल्या यार्डातला त्या काळातला दर लिहितो. भारतातून थेट गेलेल्या मालाचा दर आणि नेदरलँडमार्गे गेलेल्या मालाचा दर यांत जो फरक दिसतो, तो केवळ दलालाचा नफा नसतो. त्यात सफाई, निर्जंतुकीकरण, तपासणी, साठवण आणि मागितल्याबरोबर चार पोती पोहोचवण्याची तयारी या सर्वांची किंमत असते. त्यातले कोणते काम आपण येथे, याच दर्जाने आणि त्याहून कमी खर्चात करू शकतो, एवढाच काय तो संधीचा प्रश्न असतो. हे काम एका बैठकीत होते, पण ते कंटाळवाणे आहे, म्हणून लोक ते टाळतात आणि दहा हजारांना ‘जगभरातील आयातदारांची यादी’ विकत घेतात. अशा याद्या विकणाऱ्यांविषयी मी न बोललेलेच बरे.

भारतीय दुकाने म्हणजेच बाजार असे समजणे

हळद म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आपलीच फोडणी येते. डेन्मार्कमधील भारतीय वस्ती लहान आहे आणि तिला लागणारी हळद ब्रिटन व जर्मनीतील घाऊक व्यापारी मिश्र मालाबरोबर सहज पुरवतात. डॅनिश माणूस मात्र हळद खातो, फक्त ती हळद आहे हे त्याच्या ध्यानात नसते. तेथे रेमुलाद नावाचे पिवळे, आंबट-गोड सॉस तळलेल्या माशावर, हॉटडॉगवर आणि उघड्या सँडविचवर घेतले जाते, आणि त्याचा पिवळेपणा हळदीचा असतो. करीच्या सॉसमधील हेरिंग मासा आणि ‘बोलर इ कारी’ हे करीतले मांसाचे गोळे, हे पदार्थही घरोघरी चालतात. याचा अर्थ असा, की खरा ग्राहक दुकानदार नसून सॉस आणि मसाला-मिश्रणे बनवणारा कारखाना आहे.

कारखान्याची भाषा वेगळी असते. आपण राजापुरी वाण, हळकुंडाची लांबी, चमक आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला मिळालेले भौगोलिक मानांकन यांविषयी भरभरून सांगतो. तेथला खरेदी अधिकारी कुरकुमिन या हळदीतील पिवळ्या घटकाचे प्रमाण, पावडर किती बारीक जाळीची, ओलावा, जिवाणूंची संख्या आणि शिशाचे प्रमाण विचारतो. मुळांच्या व कंदांच्या मसाल्यांसाठी युरोपीय संघात शिशाची मर्यादा किलोमागे १.५ मिलिग्रॅम आहे. मानांकन सांगू नये असे मी म्हणत नाही. ते तपासणी अहवालाच्या खाली, शेवटच्या ओळीत सांगावे.

आयातशुल्काविषयी सारखे विचारणाऱ्यांसाठी: हळदीवर युरोपीय संघात आयातशुल्क नाही. अडचण शुल्काची कधीच नव्हती.

नमुना एक आणि माल दुसरा

या चुकीवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिचे मोल एका माणसाला नव्हे, साऱ्या भागाला मोजावे लागते.

जिल्ह्यातील एका निर्यातदाराने, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, एका डॅनिश पॅकरला बेदाण्याचा नमुना पाठवला. नमुना देखणा होता: एकसारखा हिरवट-सोनेरी रंग, देठ पूर्ण काढलेले, हाताला चिकट न लागणारा दाणा. तो एकाच शेतकऱ्याच्या शेडवरचा होता आणि त्याचा प्रयोगशाळेचा अहवालही निर्दोष होता. मागणी आल्यावर मात्र तेवढा माल त्या शेतकऱ्याकडे नव्हता, म्हणून उरलेला माल वेगवेगळ्या सौद्यांतून उचलला, शीतगृहात एकत्र केला, प्रतवारीच्या यंत्रावरून काढला आणि त्याच जुन्या अहवालासह रवाना केला. प्रतवारीचे यंत्र रंग आणि आकार पाहते, औषधाचा अंश पाहत नाही, हे सांगणाऱ्याला त्या वेळी ‘फार खोलात जाता’ असे ऐकावे लागले.

पॅकरने माल पोहोचल्यावर ढिगाच्या अनेक ठिकाणांहून थोडा थोडा बेदाणा घेऊन एकत्र नमुना तपासला. त्यात एका कीटकनाशकाचा अंश मर्यादेबाहेर निघाला आणि काही खोक्यांतील दाणे बुरशीच्या अंगाने संशयास्पद वाटले. माल परत घेण्याचा खर्च मालापेक्षा फारसा कमी नव्हता. त्याहून वाईट म्हणजे, पुढच्या हंगामात सांगलीच्याच दुसऱ्या, प्रामाणिक व्यापाऱ्याने तेथील दुसऱ्या आयातदाराला पत्र लिहिले, तेव्हा सांगलीच्या बेदाण्याचा अनुभव ऐकून आहोत, एवढेच उत्तर आले. दोन जिल्ह्यांएवढ्या देशात एका धंद्यातली माणसे एकमेकांना ओळखतात, पूर्वी एकाच कंपनीत काम केलेली असतात, आणि बातमी कंटेनरच्या आधी पोहोचते.

यामागचे शास्त्र आपल्या बागायतदारांना ठाऊक असायला हवे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, त्यामुळे पाणी उडाले तरी औषधाचे काही अंश मागे राहून दाट होतात. युरोपात मर्यादा ताज्या द्राक्षासाठी ठरलेली असते आणि बेदाण्यासाठी वाळवण्याचा गुणांक लावून ती पाहिली जाते. ज्या औषधाला स्वतंत्र मर्यादाच नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड) या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे २०१० साली महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात कशी नाकारली गेली, हे या भागात कोणाला नव्याने सांगावे लागू नये. शेडवर माल जाळीवर असताना मार्च-एप्रिलचा अवकाळी पाऊस आला, हवा दमट राहिली, तर बुरशीपासून ऑक्रॅटॉक्सिन हे विष तयार होण्याची भीती असते, आणि बेदाण्यातील त्याची युरोपीय मर्यादा १ जानेवारी २०२३ पासून किलोमागे १० वरून ८ मायक्रोग्रॅमवर आणलेली आहे. रंग राखण्यासाठी गंधकाची धुरी दिली असेल, तर किलोमागे १० मिलिग्रॅमच्या पुढे सल्फाइट गेल्यास लेबलावर ते ॲलर्जीकारक म्हणून ठळक छापावे लागते. लहान मुलांच्या डब्यासाठी छोटी पाकिटे भरणाऱ्या पॅकरसमोर पिवळाधमक माल ठेवताना याचा विचार करावा.

माझा उपाय अनेकांना पटत नाही, कारण तो धंदा लहान करतो. नमुना ज्या ढिगाचा, तो ढीग शीतगृहात वेगळा रचून त्यावर क्रमांक टाकावा, शेतकऱ्याकडून फवारणीची वही घ्यावी, आणि मागणी त्या ढिगापेक्षा मोठी आली तर ‘एवढाच माल आहे’ असे स्पष्ट लिहावे. खरेदीदार नाराज होत नाही. उलट तो पुढच्या वर्षी आधी विचारतो. दर मागण्यापूर्वी मी युरोपीय संघाच्या रॅसफ या असुरक्षित खाद्यपदार्थांच्या सूचना देणाऱ्या जाहीर संकेतस्थळावर आपला पदार्थ आणि ‘भारत’ असे शोधून अलीकडे कशावर हरकत आली आहे ते वाचतो. २०२० मध्ये भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड हा निर्जंतुकीकरणाचा, पण युरोपात खाद्यपदार्थांसाठी बंदी असलेला वायू सापडला, त्यानंतर आपल्या मसाल्यांकडेही तेथे त्याच नजरेने पाहिले जाऊ लागले, हे ज्याने वाचलेले नाही, त्याने हळद निर्जंतुक करून घेताना पद्धत कोणती, हे विचारलेलेही नसते.

बाकीच्या, थोडक्यात

सुपरमार्केटच्या संकेतस्थळावरील क्रोनरमधील किंमत पाहून नफा मोजू नये. त्या किमतीत २५ टक्के मूल्यवर्धित कर असतो आणि तो खाद्यपदार्थांवरही पूर्ण लागतो.

सालिंग, कोप, रेमा १००० यांसारख्या साखळ्यांना थेट पत्रे लिहून वेळ घालवू नये. त्यांच्या स्वतःच्या नावाच्या पाकिटांत माल भरणारा पॅकर शोधावा.

पूर्ण कंटेनरचा आग्रह धरू नये. ज्याला वर्षाला काही टन लागतात, त्याला वीस फुटी कंटेनर घ्यायला लावणे म्हणजे नकार मागून घेणे आहे. अनेकांचा माल एकत्र नेणाऱ्या समूह कंटेनरमधून दोन-तीन पॅलेट पाठवण्याचा दर आधीच काढून ठेवावा, आणि पॅलेट उष्णताप्रक्रिया केलेले व शिक्क्याचेच वापरावे.

डेन्मार्कमध्ये सेंद्रिय मालाचा खप मोठा आहे, हे ऐकून घाईने गट बांधणाऱ्यांनी नवा युरोपीय नियम वाचावा: गट कायदेशीर संस्था असावा लागतो आणि त्यात २,००० हून अधिक सभासद चालत नाहीत. ‘आमच्याकडे नैसर्गिकच पिकते’ हे प्रमाणपत्र नव्हे.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तेथे वेष्टनाची जबाबदारी उत्पादक व आयातदारावर आली आहे. म्हणून आयातदार खोके, आतली पिशवी आणि पट्टी यांचे वजन ग्रॅममध्ये विचारतो. या प्रश्नाला ‘नंतर कळवतो’ असे उत्तर देणारा कच्चा समजला जातो.

पैशांची अट सांगताना पहिल्याच पत्रात शंभर टक्के आगाऊ मागू नये आणि डोळे झाकून उधारीही देऊ नये. डेन्मार्कमध्ये कंपन्यांची सीव्हीआर ही सरकारी नोंदणी सर्वांना खुली आहे आणि बहुतेक कंपन्यांचे वार्षिक ताळेबंद तेथे विनामूल्य पाहता येतात. पत्र लिहिण्याआधी मी तो ताळेबंद उघडतो, मग ईसीजीसी या निर्यात पतविमा देणाऱ्या सरकारी कंपनीकडे त्या खरेदीदारासाठी विमा संरक्षण मिळते का ते पाहतो. एवढी माहिती चकटफू उपलब्ध असताना व्हॉट्सॲपच्या गटात ‘ही पार्टी कशी आहे’ म्हणून विचारणाऱ्यांचे मला नवल वाटते.

शेवटी पत्राविषयी. एकच मजकूर चाळीस पत्त्यांवर पाठवू नये. त्यातले निम्मे एकमेकांना ओळखतात. तेथे ‘आम्हाला नको’ याचा अर्थ नको असाच असतो, ती घासाघिशीची सुरुवात नसते, म्हणून दर कमी करून लगेच दुसरे पत्र टाकू नये. नव्या हंगामाचा माल ढिगात लागला, त्याचा अहवाल हाती आला, की त्या अहवालासह चार ओळी लिहाव्यात. मात्र जुलैमध्ये नव्हे, कारण त्या महिन्यात निम्मा देश सुटीवर असतो आणि पत्र वाचणारेच कोणी जागेवर नसते.