माळ्यावरचा व्हॉल्व्ह रेडिओ आधी बल्बमधून चालवा

आजोबांचा जुना, व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांवर चालणारा) रेडिओ खाली काढला की पहिला मोह होतो पिन प्लगमध्ये खुपसायचा. कृपा करून तसं करू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेले फिल्टर कपॅसिटर (आतला डीसी पुरवठा सपाट करणारे) शॉर्ट झालेले असू शकतात. त्यांच्यापायी ट्रान्सफॉर्मर जळला, तर तसाच दुसरा मिळणं फार कठीण.

इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बोर्ड घ्या, म्हणजे रेडिओला वीज बल्बमधूनच जाते, आणि त्यात 60 किंवा 100 वॉटचा साधा तारेचा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही. रेडिओ चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ठीक. झगझगीतच राहिला, तर लगेच बंद करा, रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचा डीसी करणारा) काढा आणि पुन्हा बघा. आता मंद झाला, तर दोष फिल्टरकडे किंवा त्या व्हॉल्व्हमध्येच. तरीही झगझगीत असेल, तर संशय ट्रान्सफॉर्मरवर.

आवाज फाटका येतो आणि ईएल 84, म्हणजे स्पीकर चालवणारा व्हॉल्व्ह, भाजून निघतोय? त्याच्या 2 नंबरच्या पिनवर मीटर धरा. चॅसीच्या (धातूच्या सांगाड्याच्या) तुलनेत तिथे जवळपास शून्य हवं. काही व्होल्ट धन दिसले, तर बहुतेक वेळा मेण ओघळलेला कागदी कपलिंग कपॅसिटर (आधीच्या व्हॉल्व्हकडून या पिनवर आवाजाचा सिग्नल आणणारा) डीसी गळू देतोय. तेवढ्याच मूल्याचा 630 व्होल्टचा पॉलिएस्टर लावा. माझ्या मते तो न तपासताच बदलावा.

आत हात घालण्याआधी प्लग काढा, फिल्टर कपॅसिटरमधला साठा रेझिस्टर जोडून रिकामा करा आणि मीटरने खात्री करा. बिनट्रान्सफॉर्मरच्या सेटची चॅसी थेट मेनला जोडलेली असते. तो नवशिक्याने उघडूच नये.